सायकल-संघ, धंदेवाईक

वेतन घेऊन रस्त्यावरील सायकल शर्यतींत उतरणाऱ्या आणि बहुधा एखाद्या व्यापारी पुरस्कर्त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सायकलपटूंचा संघ. शर्यतीचा विजेता म्हणून एकाच सायकलपटूचे नाव नोंदले जाते. परंतु त्याच्या विजयात सहकाऱ्यांचा वाटा इतका मोठा असतो, की हा खेळ वैयक्तिक मानावा की सांघिक, याविषयी मतभेद संभवतो. या संघांचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे त्यांचे अल्पायुष्य. फुटबॉल व क्रिकेट यांचे अनेक क्लब शंभराहून अधिक वर्षे टिकून आहेत. सायकल-संघ मात्र दोन-तीन वर्षांत, कधी एका हंगामात, तर कधी हंगामाच्या मध्येच नाहीसे होतात. जिंकणारे संघही याला अपवाद नाहीत. असे का घडते हे कळण्यासाठी संघाचे काम कसे चालते आणि त्याला पैसा कोठून मिळतो, या दोन्ही गोष्टी पाहाव्या लागतात.

कार्यपद्धती : सपाट रस्त्यावर ताशी ४० किमी. वेगाने जाणाऱ्या सायकलपटूची बहुतेक शक्ती हवेचा रोध मोडण्यातच खर्च होते. दुसऱ्याच्या मागे, त्याच्या चाकाला जवळजवळ भिडून गेल्यास हा रोध बराच कमी होतो. नेदर्लंड्समधील एंडहोव्हन तांत्रिक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये १२१ सायकलपटूंच्या घोळक्याचा अभ्यास केला. घोळक्याच्या मध्यभागी व मागील बाजूस असलेल्या सायकलपटूला जाणवणारा हवेचा रोध, तो एकटा त्याच वेगाने गेला असता त्याला जो रोध जाणवला असता त्याच्या केवळ ५ ते १० टक्के असतो, असे त्यांना आढळले. म्हणजे पुढचा घाम गाळतो आणि मागचा त्याच्या आडोशाने चालतो. संघाची सारी रचना या एका भौतिक नियमावर उभी आहे.

वऱ्हाडातील वाचकाला परिचयाच्या एका रस्त्यावरून हे अधिक स्पष्ट होईल. अमरावतीहून वलगावमार्गे परतवाड्यास जाणारी पन्नासएक किलोमीटरची वाट पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीच्या सपाटीवरून जाते. परतवाड्यापुढे गाविलगडचे डोंगर लागतात आणि घाट चढून रस्ता चिखलदऱ्यास पोहोचतो. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सु. १,१०० मी. उंच आहे. अमरावतीस सुरू होऊन चिखलदऱ्यास संपणारी शर्यत आहे, अशी कल्पना केली, तर संघाचे डावपेच पुढीलप्रमाणे असतील. घाट चढण्यात निष्णात असलेला एक सायकलपटू नायक ठरेल. वलगाव मागे पडल्यावर उघड्या शिवारात वारा आडवा आला, की सहकारी त्याच्या वाऱ्याकडील बाजूस तिरकी ओळ धरतील व आळीपाळीने पुढे होऊन वारा अंगावर घेतील. त्यांपैकी एकजण मागे राहून संघाच्या मोटारीतून पाण्याच्या बाटल्या घेईल आणि पुन्हा जोर लावून सर्वांना त्या पोहोचवील. नायकाचे चाक पंक्चर झाले आणि मोटार दूर असली, तर जवळचा सहकारी आपले चाक काढून त्याला देईल व स्वतः रस्त्याच्या कडेला मोटारीची वाट पाहत उभा राहील. परतवाडा येईपर्यंत हे मदतनीस थकून जातील. घाटात वेग उतरतो, आडोशाचा फायदा उरत नाही आणि तेथून पुढे नायकाला स्वतःच्याच पायांवर भिस्त ठेवावी लागते. परंतु तो घाटाच्या पायथ्याशी ताजातवाना पोहोचलेला असतो, हाच संघाचा उपयोग.

अशा मदतनिसाला फ्रेंच भाषेत ‘डोमेस्टिक’ म्हणजे घरगडी म्हणतात. हा शब्द प्रथम हेटाळणीने वापरला गेला. पुढे तो रूढ झाला व त्यातील अपमानाचा भाग विरून गेला. मदतनिसाचे नाव निकालपत्रात सत्तराव्या किंवा शंभराव्या स्थानी आढळते. निकालपत्रावरून त्याचे काम कळत नाही. ते संघचालकाला व सहकाऱ्यांना ठाऊक असते. याचा एक परिणाम असा, की संघ मोडला, म्हणजे नायकाला दुसरीकडे ताबडतोब जागा मिळते. मदतनिसापाशी मात्र दाखवायला विजय नसतात आणि त्याची उपजीविका धोक्यात येते. अल्पजीवी संघांचा इतिहास लिहिताना बहुधा नायकांचीच नावे घेतली जातात, तरी त्याची खरी झळ या मंडळींना बसलेली असते.

अव्वल दर्जाच्या संघात सु. ३० सायकलपटू असतात. फ्रान्स, इटली व स्पेन या देशांतील तीन आठवडे चालणाऱ्या शर्यतींत २०१८ पासून प्रत्येक संघाला आठजण उतरविता येतात. तत्पूर्वी ही संख्या नऊ होती. त्यांच्यामागे संघचालक, वैद्य, मालिश करणारे, सायकलींचे मिस्त्री, स्वयंपाकी आणि चालक असा मोठा परिवार असतो. मोटारी, बस आणि सुट्या चाकांनी भरलेले मालवाहू वाहन असते. हे सर्व वर्षातील आठ-नऊ महिने गावोगाव हिंडत असते.

उत्पन्न : अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये स्थापन झाले. त्याच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन येथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली, आणि ही संस्था शंभर वर्षे उलटल्यावरही चालू आहे. तिला स्वतःची जागा आहे, विद्यार्थी आहेत, देणगीदार आहेत. एखादा आश्रयदाता गेला, तरी तिचा आखाडा जागच्या जागी राहतो. धंदेवाईक सायकल-संघाला यांपैकी काहीच नसते. शर्यत सार्वजनिक रस्त्यावर होते व ती पाहण्यास तिकीट लावता येत नाही. लक्षावधी लोक रस्त्याच्या दुतर्फा उभे राहतात, पण त्यांच्याकडून संघाला काही मिळत नाही. दूरचित्रवाणीवरील प्रक्षेपणाचा मोबदला मुख्यत्वे शर्यतीच्या आयोजकांकडे जातो. बक्षिसांची रक्कम तुलनेने थोडी असते आणि रूढीनुसार ती सहकाऱ्यांत वाटली जाते. फुटबॉलमध्ये खेळाडूच्या बदलीपोटी क्लबला मोठी रक्कम मिळते, ती प्रथाही येथे रुजलेली नाही. राहता राहिला पुरस्कर्ता. सदऱ्यावर आपले नाव छापून घेण्यासाठी तो जे पैसे देतो, त्यांवरच संघ चालतो. करार सामान्यतः दोन-तीन वर्षांचा असतो. म्हणून संघाचे आयुष्य म्हणजे वस्तुतः त्या कराराची मुदत होय.

असे असूनही काही संघ दीर्घायुषी ठरले, हे नमूद केले पाहिजे. स्पेनमधील एक संघ १९८० मध्ये ॲल्युमिनियमच्या वेष्टनांसाठी प्रसिद्ध असलेल्या रेनॉल्ड्‌स या नावाने सुरू झाला. १९९० पासून तो बानेस्टो या बँकेच्या नावाने ओळखला जाऊ लागला व त्याच नावाखाली मिगेल इंदुराईनने १९९१ ते १९९५ अशी सलग पाच वर्षे फ्रान्सची शर्यत जिंकली. २०११ पासून हाच संघ मोव्हीस्टार या दूरध्वनी कंपनीच्या नावाने उतरू लागला. नावे बदलली, पण व्यवस्थापन, कर्मचारी व परंपरा कायम राहिली. याउलट ज्या संघाची स्थापनाच एखाद्या पुरस्कर्त्यासाठी झालेली असते, त्याला दुसरे नाव मिळण्यापूर्वीच तो संपुष्टात येतो.

इतिहास : फ्रान्समध्ये १८६९ साली पॅरिस ते रूआन ही शर्यत झाली; ती इंग्रज सायकलपटू जेम्स मूर याने जिंकली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात लांब पल्ल्याच्या शर्यती सुरू झाल्या. त्यांमागे सायकलींचे कारखानदार आणि वृत्तपत्रे यांचा व्यापारी हेतू होता. वृत्तपत्राने शर्यत भरवायची, कारखानदाराने चांगला सायकलपटू आपल्या सायकलीवर बसवायचा आणि विजयानंतर दोघांनी जाहिरात करायची, असा हा व्यवहार. ल’ऑटो या पॅरिसच्या क्रीडापत्राने प्रतिस्पर्धी पत्रावर मात करण्यासाठी १९०३ मध्ये ‘तूर द फ्रान्स’ ही फ्रान्सला वळसा घालणारी शर्यत सुरू केली. पहिल्या वर्षी सहा टप्प्यांत २,४२८ किमी. अंतर कापावयाचे होते. ६० जण निघाले, २१ जणांनी ती पुरी केली आणि मॉरीस गॅरँ विजेता ठरला. हे पत्र पिवळ्या कागदावर छापले जाई. १९१९ पासून आघाडीवरील सायकलपटूस देण्यात येणाऱ्या सदऱ्याचा पिवळा रंग त्याचाच, असे सामान्यतः सांगितले जाते.

अल्सियाँ, प्यूझो, ऑटोमोटो, बियांकी, लेन्यानो हे आरंभीचे संघ कारखान्यांचे होते. त्यांचे सामर्थ्य शर्यतीचे संस्थापक आंरी देग्रांज यांना खुपत असे, कारण शर्यत माणसाने जिंकावी, कारखान्याने नव्हे, असा त्यांचा आग्रह होता. १९२९ मध्ये अल्सियाँ संघाचा मॉरीस द वाल हा आजारी असतानाही सहकाऱ्यांच्या आधारावर विजयी झाला. दुसऱ्याच वर्षी देग्रांज यांनी कारखान्यांचे संघ रद्द करून राष्ट्रीय संघ सुरू केले व सर्वांना आयोजकांतर्फे एकसारख्या पिवळ्या सायकली दिल्या. या खर्चाची भरपाई शर्यतीपुढे चालणाऱ्या जाहिरातींच्या वाहनांच्या मिरवणुकीतून केली जाऊ लागली. व्यापार हद्दपार करण्यासाठी केलेल्या सुधारणेचा खर्च शेवटी व्यापाऱ्यांनीच उचलला, ही गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. १९६२ मध्ये व्यापारी संघ परत आले. १९६७ व १९६८ ही दोन वर्षे वगळता ते पुढे कायम राहिले.

दरम्यान एक महत्त्वाचा बदल घडला. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत स्कूटर व लहान मोटारी यांचा प्रसार झाला, सायकलींचा खप घटला आणि कारखानदारांना संघ पोसणे जड जाऊ लागले. १९५४ मध्ये फ्योरेंत्सो मान्यी याने नीव्हिया या त्वचेच्या मलमाच्या कंपनीचे पाठबळ मिळविले. सायकलींशी काहीही संबंध नसलेला पुरस्कर्ता संघाच्या नावात आल्याने मोठा वाद झाला, परंतु प्रथा रूढ झाली. मद्ये, कॉफीयंत्रे, शीतकपाटे, बँका, विमा, लॉटरी अशा नाना व्यवसायांची नावे सदऱ्यांवर झळकू लागली. खेळात पैसा वाढला. त्याबरोबर अस्थैर्यही वाढले. सायकलीच्या कारखानदाराला शर्यतींत कायमचा रस होता. प्यूझोचा संघ, अधूनमधून नावात जोडीदार घेऊन, १९८६ पर्यंत टिकला. मलमाच्या कंपनीचा रस मात्र जाहिरातखात्याच्या एका निर्णयाने संपू शकत होता.

काही अल्पजीवी संघ : ब्रिटनमधील एएनसी या पार्सले पोहोचविणाऱ्या कंपनीचा संघ १९८५ मध्ये सुरू झाला आणि १९८७ मध्ये फ्रान्सच्या शर्यतीत उतरणारा पहिला ब्रिटिश व्यापारी संघ ठरला. तयारी अपुरी होती. नऊजण निघाले, चारजण पॅरिसला पोहोचले. संघाची तिजोरी तत्पूर्वीच रिकामी झाली होती. सायकलपटूंचे वेतन थकले व त्याच वर्षी संघ बुडाला.

याहूनही चटका लावणारी हकिकत ‘लिंडा मॅकार्टनी’ या संघाची आहे. संगीतकार पॉल मॅकार्टनी यांच्या पत्नी लिंडा (१९४१–९८) यांच्या नावाने शाकाहारी खाद्यपदार्थ विकले जात. त्या पदार्थांच्या प्रचारासाठी १९९८ मध्ये हा संघ निघाला. सायकलपटूंनी मांसाहार वर्ज्य करावा, अशी अट होती. यूरोपातील शर्यतींच्या जगात, जेथे न्याहारीलाही मांस खाण्याची परंपरा होती, तेथे या अटीची बरीच थट्टा झाली. तथापि २००० साली हा संघ इटलीची तीन आठवड्यांची शर्यत (जीरो दीतालिया) खेळणारा पहिला ब्रिटिश संघ ठरला, आणि डेव्हिड मॅकेंझी या ऑस्ट्रेलियन सायकलपटूने शंभराहून अधिक किलोमीटर एकट्याने पुढे राहून तेरामो येथे संपणारा टप्पा जिंकला. भाजीभाकरीवर घाट चढता येत नाही, असे म्हणणाऱ्यांना ते उत्तर होते. या यशाने हुरूप येऊन पुढील हंगामासाठी संघ वाढविण्यात आला. नव्याने घेतलेल्यांत सिडनी ऑलिंपिकमधील कांस्यपदकविजेता ब्रॅडली विगिन्स हा वीस वर्षांचा तरुणही होता. जानेवारी २००१ मध्ये लंडनच्या ट्रफॅल्गर चौकात संघाचे समारंभपूर्वक दर्शन व्हावयाचे होते. त्याच सुमारास संघ बंद झाल्याचे सायकलपटूंना कळले. ज्या नव्या पुरस्कर्त्यांवर भिस्त होती, त्यांचा पैसा आलाच नव्हता. जानेवारीत इतर संघांच्या जागा भरलेल्या असतात, त्यामुळे अनेकांचे ते वर्ष वाया गेले. विगिन्सने पुढे, २०१२ मध्ये, फ्रान्सची शर्यत जिंकली. ती जिंकणारा तो पहिला ब्रिटिश सायकलपटू होय.

जर्मनीतील एसेन येथील कोस्ट या कपड्यांच्या व्यापारसंस्थेच्या संघाने २००३ च्या आरंभी १९९७ चा फ्रान्सविजेता यान उलरिख याला घेतले. थकलेल्या वेतनामुळे आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने त्या वर्षीच्या वसंत ऋतूत संघावर दोनदा कारवाई केली आणि मे महिन्यात संघ मोडला. संघाला सायकली पुरविणारी बियांकी ही इटालियन कंपनी पुढे आली, तिने काही आठवड्यांत उरलेल्यांचा नवा संघ उभा केला व जुलैमध्ये तो फ्रान्सच्या शर्यतीत उतरला. घाईने जुळविलेल्या या संघाचा नायक उलरिख एक टप्पा जिंकून पॅरिसला दुसरा आला. पहिल्यापासून तो केवळ ६१ सेकंद मागे होता. वर्ष संपताच संघही संपला. त्या शर्यतीचा विजेता लान्स आर्मस्ट्राँग याची विजेतेपदे उत्तेजक द्रव्यांच्या सेवनामुळे २०१२ मध्ये काढून घेण्यात आली व २००३ च्या विजेत्याची जागा रिकामी ठेवण्यात आली. उलरिखनेही अशा सेवनाची पुढे कबुली दिली. त्यामुळे या शर्यतीकडे निर्मळ कौतुकाने पाहणे कठीण आहे. तरीही सात-आठ महिन्यांच्या आयुष्यात एखादा संघ कोठवर पोहोचू शकतो, याचे हे उदाहरण म्हणून राहतेच.

लक्झेंबर्गमधील लेपर्ड-ट्रेक हा संघ एकच हंगाम, म्हणजे २०११ मध्ये, अस्तित्वात होता. त्याचे आंडी व फ्रांक श्लेक हे बंधू फ्रान्सच्या शर्यतीत अनुक्रमे दुसरे व तिसरे आले. पण हा संघ स्मरणात राहिला तो वेगळ्या कारणाने. ९ मे २०११ रोजी इटलीच्या शर्यतीत घाट उतरताना त्याचा बेल्जियन सायकलपटू वाउटर वेलांट पडून मरण पावला. दुसऱ्या दिवशी शर्यत न खेळता सर्वांनी मिळून तो टप्पा सावकाश पार केला. त्याच्या सहकाऱ्यांनी एकमेकांच्या खांद्यांवर हात ठेवून अंतिम रेषा ओलांडली आणि संघाने शर्यत सोडली. वर्षअखेर हा संघ दुसऱ्या एका संघात विलीन झाला. त्याच वर्षी, सर्वाधिक विजय मिळविणाऱ्या संघांत गणना होणारा एचटीसी-हायरोड हा संघही नवा पुरस्कर्ता न मिळाल्याने बंद करावा लागला. विजय आणि स्थैर्य यांचा या खेळात परस्परसंबंध नाही, हे त्यावरून दिसून येते.

संघ मोडण्याची कारणे केवळ आर्थिकच असतात असे नाही. उत्तेजकांची प्रकरणे उघडकीस आली, की पुरस्कर्ते नाव खराब होईल या भीतीने अंग काढून घेतात. २००६ मध्ये माद्रिद येथील एका वैद्याच्या दवाखान्यावर छापा पडल्यावर लिबर्टी सेग्युरोस या विमा कंपनीने तत्काळ करार तोडला. त्याच वर्षी श्रवणयंत्रे बनविणाऱ्या फोनाकचा संघही बंद झाला. २००७ मधील युनिबेट या संघाची गोष्ट निराळीच होती. पैजांचा व्यवसाय करणाऱ्या कंपनीचे नाव सदऱ्यावर असल्याने फ्रान्सच्या कायद्याचा प्रश्न उभा राहिला, मोठ्या शर्यतींची दारे बंद झाली व पैसा असूनही संघ त्याच वर्षी गुंडाळावा लागला.

स्त्रियांच्या संघांची स्थिती याहून नाजूक आहे. अव्वल श्रेणीतील स्त्रियांच्या संघांना किमान वेतनाचे बंधन प्रथम २०२० मध्ये घालण्यात आले. तोपर्यंत अनेकजणी वेतनाविना खेळत. त्याच वर्षी जुलैमध्ये पॉल का या फ्रेंच वस्त्रनिर्मिती संस्थेचे नाव एका संघाला मिळाले. सप्टेंबरमध्ये त्यातील लिझी बँक्स हिने इटलीच्या शर्यतीत टप्पा जिंकला आणि ऑक्टोबरमध्ये, पुरस्कर्त्याचा पैसा न आल्याने, संघ हंगाम चालू असतानाच बंद पडला.

हे प्रकार रोखण्यासाठी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने (स्थापना १९००) संघांना परवाने देताना हिशेबतपासणी, किमान वेतन व बँक-हमी यांच्या अटी घातल्या आहेत. संघ बुडाल्यास हमीच्या रकमेतून सायकलपटूंची देणी काही अंशी भागविता येतात. मात्र हमी वेतनाची असते, नोकरीची नव्हे. शिवाय तिसऱ्या, म्हणजे खंडीय श्रेणीतील संघांना किमान वेतनाचे बंधन नसते आणि होतकरू सायकलपटू याच श्रेणीतून वर येतात.

भारत : रस्त्यावरील शर्यतींची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. १९४० च्या दशकात सुरू झालेली मुंबई–पुणे शर्यत काही खंड पडूनही चालत आली. तीत बोरघाट प्रथम चढणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळे. राष्ट्रीय सायकल संघटना १९४६ मध्ये स्थापन करण्यात जानकी दास यांच्याबरोबर मुंबईच्या सोहराब भूत यांचा पुढाकार होता आणि १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये उतरलेल्या भारतीय सायकलपटूंत मुंबईच्या पारशी तरुणांचा भरणा होता. पुणे येथे बालेवाडीच्या क्रीडासंकुलात सायकलींसाठी उतरती धावपट्टीही बांधण्यात आली. असे असताना यूरोपीय धर्तीचा धंदेवाईक संघ येथे रुजला नाही.

याची कारणे शोधण्यास फार लांब जावे लागत नाही. भारत हा सायकलींच्या उत्पादनात जगातील अग्रगण्य देशांपैकी एक असला, तरी येथील कारखान्यांचा माल म्हणजे दूधवाला, पोस्टमन, शाळामास्तर व गिरणीकामगार यांना उपयोगी पडणारी काळी, भक्कम सायकल. ती खपविण्यासाठी शर्यतीतील विजयाची गरज नव्हती. पोते लादता येते एवढे दिसले, की पुरे. शर्यतीची सायकल दीर्घकाळ परदेशातून आणावी लागे व ती सामान्याच्या आवाक्याबाहेर होती. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. येथे गुणी सायकलपटूला रेल्वे, सेनादल किंवा पोलीसदल यांत नोकरी मिळते, आणि राष्ट्रीय स्पर्धांत तो त्या खात्याच्या वतीने उतरतो. त्याचे वेतन शर्यतीतील कामगिरीवर किंवा पुरस्कर्त्याच्या मर्जीवर अवलंबून नसते व पाय थकल्यावरही नोकरी राहते. ट्रफॅल्गर चौकातील प्रसंग त्याच्यावर ओढवत नाही. त्याचबरोबर वर्षातील शंभर दिवस जगातील उत्तम सायकलपटूंच्या चाकाला चाक लावून जाण्याची संधीही त्याला मिळत नाही. या दोन्हींचे वजन सारखेच भरेल असे नाही. एखाद्या खेडेगावातून आलेल्या तरुणाच्या घरची माणसे पहिल्याच बाजूला झुकतील, हे स्वाभाविक आहे.

हौशी सायकलपटूंनी मात्र स्वतःच्या हिमतीवर मोठी मजल मारली आहे. नाशिकचे हितेंद्र व महेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या संघाच्या रूपाने अमेरिका खंड पश्चिमेकडून पूर्वेकडे ओलांडणारी सु. ४,८०० किमी. ची शर्यत नऊ दिवसांच्या आत पुरी केली. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकेकट्याने पूर्ण केली. या शर्यतीत घोळका नसतो, आडोसा नसतो. संघ म्हणजे मागून मोटारीत येणारे, खाऊपिऊ घालणारे व झोप लागू न देणारे मित्र व आप्त. शर्यत संपली, की तो संघही विसर्जित होतो, पण कोणाचे वेतन बुडत नाही.

जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात ‘पुणे ग्रँड टूर’ ही आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २·२ या श्रेणीतील अनेक टप्प्यांची शर्यत भरविण्यात आली, तीत सु. ४३७ किमी. चा मार्ग आखलेला होता. परदेशांतून आलेल्या खंडीय श्रेणीच्या संघांच्या सदऱ्यांवर त्यांच्या पुरस्कर्त्यांची नावे होती. भारताचे सायकलपटू राष्ट्रीय संघातर्फे उतरले.